चौदा डबे, चौदा पट्ट्या

७ जानेवारी, मंगळवार

मुंगीचा आकडा एकशे दहा. रक्त तपासणाऱ्या बाईंनी सकाळी फोनवर सांगितला, दुपारी डॉक्टरांनी दुजोरा दिला. सहा महिन्यांपूर्वी तो दोनशे चाळीस होता. दहाच्या खाली गेला की आतडं सावरलं असं समजायचं.

"गाडी रुळावर आहे," डॉक्टर म्हणाले. "आता मध्ये कुणी कडमडू नका."

आम्ही शनिवारीच इथे राहायला आलो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि ही. चाळीस वर्षांनी माझं पुस्तकबांधणीचं दुकान बंद केलं, तेव्हा मुलगा म्हणाला, दोन घरं कशाला. अकरा खोकी आली. सात माझ्या सामानाची, तीन हिच्या भांड्यांची, एकात काय आहे ते कुणालाच आठवत नाही.

मुंगी ही आमची नात. वय सात, चण पाच वर्षांच्या मुलीची. गेल्या वर्षीचे बूट अजून होतात. बूट टिकले म्हणून आईबापांना बरं वाटायला हवं, त्यांना वाटत नाही. तिला गहू चालत नाही. पाव खाऊ नये इतकंच नव्हे, तर पाव कापलेल्या सुरीने सफरचंद कापलं तरी बाधतं. गव्हातलं ग्लुटेन कणभर पोटात गेलं की आतड्याचं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि रक्तातला हा आकडा चढतो. मी चाळीस वर्षं कागद मिलिमीटरमध्ये कापला आहे. कणभर म्हणजे किती हे मला कळतं.

या घरात आजवर गहू नव्हताच. आता येईल, कारण हिला स्वतःच्या हाताने भाजलेल्या पावाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

११ जानेवारी, शनिवार

सूनबाई जमीन मोजणीच्या खात्यात आहे. तिने स्वयंपाकघराची मोजणी केली, नकाशा काढला आणि ओट्यावर पिवळी चिकटपट्टी लावून हद्द आखली. खिडकीकडची बाजू मुंगीची, दाराकडची गव्हाची. मुंगीचं सामान वरच्या फळीवर, गव्हाचं खालच्या, कारण कण खाली पडतात, वर पडत नाहीत. लाकडी चमचे सगळे बाद, त्यांच्या चिरांत पीठ अडकतं. चाळण्या दोन, स्पंज दोन, जॅमच्या बरण्या दोन.

"आई, मनाला लावून घेऊ नका," सूनबाई म्हणाली.

"छे गं. फक्त माझी बाजू कचऱ्याच्या डब्याला लागून का, तेवढं सांग."

"तिकडे वारा कमी लागतो."

"बरोबर. पाव फुगायला बरं," ही म्हणाली. मुलगा चष्म्याच्या दुकानात असतो, त्याला बारीक बघायची सवय. तो नकाशाच बघत बसला.

घरात गव्हाचं जे जे येणार त्याची यादी सूनबाईने मागितली. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली: पावाचं पीठ, हिची बिस्किटं, शेवया, सोया सॉस. सोया सॉसमध्ये गहू असतो हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. मी बाटलीवर वाचलं होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखं एक माणूस घरात हवंच होतं."

१९ जानेवारी, रविवार

नुसत्या रेघेवर घर चालत नाही, हे माझं मत मी मांडलं. मुंगीच्या चौदाही डब्यांना चिठ्ठ्या हव्यात. सूनबाईने आधी बाजारातल्या चिकट चिठ्ठ्या लावून पाहिल्या होत्या, धुतल्या की निघतात. मी म्हटलं, हे माझ्यावर सोड.

सात खोक्यांतलं एक उघडलं. ब्रश, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, मेणाचा दोरा, दोन किलो मैदा, सगळं जसंच्या तसं. जाड कागद कापला. मैदा चाळून खळ शिजवली, एकाला पाच पाणी, गुठळी होऊ न देता. दुकानात असताना कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकत असे. मोरचूद विषारी. इथे टाकलं नाही. लहान मुलीच्या खाण्याचे डबे आहेत, काळजी घेतलेली बरी.

मुंगी मदतीला होती. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, साखर, मीठ, अशी अक्षरं तिने रंगवली आणि मी चिकटवली. धुतल्या तरी जागच्या हलत नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

चिठ्ठ्यांनी डब्यात काय आहे ते कळतं. कुणी उघडला ते कळत नाही. म्हणून आजपासून प्रत्येक डब्याच्या झाकणावरून खाली अंगापर्यंत कागदाची पट्टी. डबा उघडायचा तर पट्टी फाडावी लागेल. फाडणाऱ्याने वहीत नाव, वेळ आणि हात धुतले की नाही ते लिहायचं. संध्याकाळी मी नवी पट्टी लावीन.

"बाबा, बँक आहे का ही?" मुलगा म्हणाला.

"बँकेत फक्त पैसे असतात," मी म्हटलं. सूनबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला संकोच वाटला.

पट्ट्या दाबायचं काम मुंगीचं. कोपरा उचलला गेला की बोट जिभेला लावते आणि पुन्हा दाबते. हाताला कसब आहे. रक्तातून आलं असावं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुंगीचं पोट दुखलं, शाळेतून लवकर आली. सूनबाईने हिच्या बाजूचा ओटा तीनदा पुसला, काही बोलली नाही. पुसण्यातूनही माणूस बरंच बोलतो.

दुपारी हिने विचारलं, "तुमची ती खळ शिजवता कुठे?"

"माझ्या जुन्या पातेल्यात. तुझ्या बाजूच्या शेगडीवर. हद्द मी कधी ओलांडत नाही."

"मग ठीक," ही म्हणाली.

९ मार्च, रविवार

नोंद: सकाळी साडेनऊला पावाची सुरी हद्दीपलीकडे चार बोटं आढळली. हिने ठेवली. विचारल्यावर म्हणाली, "फोन वाजला म्हणून ठेवली असेन, फासावर द्या." वहीत लिहिलं. घरचं माणूस म्हणून सूट दिली तर वहीला अर्थ राहत नाही.

पट्ट्या दिवसाला एकदा पुरत नाहीत, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन वेळा लावायला सुरुवात केली. फाडलेल्या पट्ट्यांचे पापुद्रे झाकणाच्या कडेला साचतात. ते मी रोज ब्रशने झटकतो.

८ एप्रिल, मंगळवार

आकडा एकशे पासष्ट. डॉक्टरांचा आधी विश्वास बसला नाही, त्यांनी त्याच रक्ताची पुन्हा तपासणी करायला लावली. तोच आला.

"घरात काय बदललं?" त्यांनी विचारलं.

सूनबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "घरात पाव भाजायला लागलो आम्ही." त्या "आम्ही"बद्दल मला तिचं कौतुक वाटलं.

असाच चढत राहिला तर पुन्हा नळी घालून आतडं तपासावं लागेल. म्हणजे पुन्हा भूल. मागच्या वेळी मुंगीला शुद्धीवर यायला ठरल्यापेक्षा तासभर जास्त लागला होता. त्या तासात मुलगा हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून होता, असं सूनबाईने आज प्रथमच सांगितलं.

९ एप्रिल, बुधवार

जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. मुंगीला शेजारी पाठवलं होतं. सूनबाई म्हणाली, "कुणावर आरोप नाही. फक्त काय घडतंय ते कळू दे." मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण वही माझ्याकडे.

मी वाचून दाखवलं. दोन महिन्यांत एकूण चुका सात. मुलाच्या दोन, दोन्ही जॅमच्या चमच्याच्या. सूनबाईची एक, स्पंजांची अदलाबदल. हिच्या चार, तारखांसकट. माझ्या नावावर एकही नाही. वही मीच ठेवत असल्यामुळे ते मला खटकलं नाही.

ही म्हणाली, "चार का? मला तीन आठवतात."

"सव्वीस मार्च. पिठाच्या हाताने नळ उघडला."

"हो. खरंच," ही म्हणाली आणि उठली. पावाचे साचे कपाटातून काढून शेजारणीला देऊन आली. यीस्टची बाटली मोरीत ओतली. मुलगा "आई, आई" करत मागे गेला, पण मदत अशी काही करायची नव्हती.

माझं काम मी चोख केलं. बरं मात्र वाटत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

ही बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी, असं म्हणाली. बॅग चार दिवसांची नव्हती. दारात मुंगीला म्हणाली, "आजीच्या हाताला गहू चिकटलाय गं राणी, धुऊन येते."

मुंगीने मला विचारलं, "किती वेळ धुणार?"

२७ मे, मंगळवार

आकडा एकशे नव्वद. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. ते स्वतः फोन करतात याचा अर्थ आता आम्हाला कळू लागला आहे.

दीड महिना झाला, घरात पाव नाही, बिस्किट नाही, शेवया नाहीत. ही पण नाही. स्वयंपाकघरातली पिवळी रेघ सूनबाईने काढून टाकली, दुसऱ्या बाजूला काही उरलंच नाही. मी मात्र पट्ट्या चालू ठेवल्या आहेत, उलट दुहेरी केल्या. मुंगीचं वजन महिन्यात अर्धा किलो उतरलं. पोहण्याच्या वर्गाला जात नाही, थंडी वाजते म्हणते.

सूनबाई ओट्याला टेकून उभी होती. "बाबा, म्हणजे आईंचं काहीच नव्हतं," ती म्हणाली. "मी त्यांना घराबाहेर काढलं."

"तू नाही काढलं. वहीत होतं ते समोर आलं."

"वहीत नव्हतं असंच काहीतरी आहे ना मग?"

मी वही उघडून पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागलो.

नळीची तारीख सोळा जून. त्याआधी डॉक्टरांनी एक फर्मान काढलं आहे: घरातल्या प्रत्येकाने एक संपूर्ण दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, हाताने जे जे केलं ते क्रमाने लिहायचं. खाण्याचंच नाही, सगळं. चुकेल म्हणून काही गाळायचं नाही. मुलगा वैतागला. मला हे काम आवडलं.

१ जून, रविवार

यादी आजच्या दिवसाची.

६.०० उठलो. दात घासले. हात धुतले.
६.२० चहा. दूध, साखर. साखरेच्या डब्याची पट्टी फाडली, वहीत नोंद केली.
७.०० मुंगीची वेणी घातली. हात आधी धुतले.
७.३० मुंगीला मक्याच्या पिठाची धिरडी, सूनबाईने केली. मी फक्त वाढली.
८.१० मैदा चाळला.

साडेनऊला बसून इथवर लिहिलं आणि इथे थांबलो आहे.

१ जून, दुपार

तीन तास झाले. यादी पुढे लिहायची आहे, ती लिहितो, कारण गाळायचं नाही असं सांगितलं आहे.

मैदा चाळून खळ शिजवली. खळ ब्रशने अठ्ठावीस पट्ट्यांना लावली. पट्ट्या मुंगीच्या चौदा डब्यांच्या झाकणांवर लावल्या. मुंगीने त्या दाबल्या. कोपरे उचलले तिथे बोट जिभेला लावलं.

मैदा गव्हाचा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर एका क्षणात सांगितलं असतं. पण चाळीस वर्षं तो मी दोरा-पुठ्ठ्याच्या दुकानातून आणला. पोत्यावर "बांधणीसाठी" असं लिहिलेलं असे. माझ्या लेखी तो सुईच्या आणि ब्रशच्या शेजारी बसलेला आहे, पिठाच्या नाही. अकरा जानेवारीची माझी यादी काढून पाहिली. सोया सॉस आहे. हा नाही.

मोरचूद टाकलं नव्हतं. काळजी घेतली होती.

२ जून, सोमवार

काल नऊलाच तिघं सूनबाईच्या माहेरी गेली होती, ती परत येईपर्यंत थांबलो. या वेळी मुंगीलाही बसवलं. तिचा आजार आहे, तिला कळायला हवं. माझी यादी वाचून दाखवली. ८.१०ला पोचल्यावर मुलाने डोक्याला हात लावला. सूनबाईने लावला नाही. ती उठली, तांदळाच्या पिठाचा डबा आणला, झाकण काढलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटावर पांढरे पापुद्रे आले, माशाच्या खवल्यांसारखे. ती ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"रोज?" तिने विचारलं.

"मार्चपासून दोनदा."

"बाबा, तुम्ही…" मुलगा म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं. मुलाने गिळलेलं वाक्य ऐकू येत नाही असं नाही.

मुंगी म्हणाली, "म्हणजे आजोबा, चोर तुम्हीच?"

"हो."

"आणि अर्धी मी. मी तर चाटत होते. चव पण नव्हती त्याला."

"तू नाही गं. तुला मी शिकवलं."

तिने थोडा विचार केला. "वहीत लिहावं लागेल," ती म्हणाली.

तिच्यादेखत लिहिलं. दोन फेब्रुवारी ते एक जून, रोज, माझं नाव. तिने मोजलं, एकशे वीस दिवस भरले. चौदाही डबे आतल्या पिठासकट बाहेर गेले. उरलेला मैदा, ब्रश, पातेलं, चाळणी, सगळं गेलं. हाडाची पट्टी तेवढी धुऊन ठेवू का, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

३ जून, मंगळवार

डॉक्टरांनी यादी वाचली आणि चष्मा काढला. "तीस वर्षांत लिपस्टिकमधून पाहिलं, गोळ्यांच्या वेष्टणातून पाहिलं, खेळायच्या मातीतून पाहिलं," ते म्हणाले. "सावधानतेच्या पट्टीतून पहिल्यांदाच." नळीची तारीख महिनाभर पुढे ढकलली आहे. चौदा जुलैला रक्त. आकडा उतरला तर नळी रद्द, नाही तर रिपोर्टच्या दुसऱ्याच दिवशी भरती.

सूनबाईने हिला हिच्या बहिणीकडे फोन करून माफी मागितली. ही म्हणाली, "तू आई आहेस, तुझं चुकलं नाही. वही लिहिणाऱ्याला पाठवून दे."

४ जून, बुधवार

गेलो. दार मेहुणीने उघडलं. "या फौजदार," ती म्हणाली, आणि चहा न विचारता आत गेली.

ही खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही तिने. मग म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्या बाह्यांवरची वाळलेली खळ मी नखाने खरवडली. मला तरी कुठे सुचलं? विचारलं मी तेव्हासुद्धा नुसतं कुठे शिजवता एवढंच विचारलं."

"तुला सुचायचं काय कारण होतं?"

"तेच म्हणते. चूक झाली याचा मला राग नाही. अशी कुणाच्याही हातून होते." शेंगेतला दाणा निसटून खाली पडला, तो तिने शोधून उचलला. "पण त्या दिवशी वही वाचलीत ना तुम्ही, तारखांसकट. एकदा तरी वर बघायचं होतं."

मी म्हटलं, हिची पानं फाडून टाकतो.

"फाडायचं नाही. सुरी मी ठेवली होतीच पलीकडे. खाली लिहा, त्याने काही झालं नव्हतं म्हणून. सही करा."

तिथेच लिहिलं, सही केली. मग विचारलं, "चलतेस?"

"आकडा येऊ दे. आत्ता आले आणि तो नाही उतरला, तर सगळे पुन्हा माझ्या हातांकडे बघतील. तुम्ही धरून."

"मी नाही बघणार," असं म्हणणार होतो. पण खोटं बोलायला आलो नव्हतो.

२१ जून, शनिवार

विशेष नाही. डबे नवे, काचेचे, आतलं दिसतं. चिठ्ठ्या नाहीत. मला स्वयंपाकघरात काम नेमून दिलं आहे: भांडी पुसणे. मुंगीची आधी.

६ जुलै, रविवार

मुंगी दुपारी जेवली आणि पुन्हा तासाभराने "भूक लागली" म्हणाली. सूनबाईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि अंडं उकडायला ठेवलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ चालू होता. मी काही अनुमान काढत नाही. अनुमानं माझी भरपूर काढून झाली.

१५ जुलै, मंगळवार

काल सकाळी रक्त दिलं. मुंगी रडली नाही, सुई टोचणाऱ्या बाईंनाच म्हणाली, "हळू, तुमचा हात थरथरतोय."

रिपोर्ट उद्या चारनंतर मिळेल, असं प्रयोगशाळेने सांगितलं आहे. मुलगा दुकानातून लवकर निघणार आहे, सूनबाईने सुट्टी टाकली आहे. हॉस्पिटलमधला पलंग आमच्या नावाने धरून ठेवलेला आहे आणि तो सोडायचा की नाही हे पाचपर्यंत कळवायचं आहे. आजीला फोन मुंगी करणार. आकडाच सांगायचा, वर काही बोलायचं नाही, अशी तिला तिकडून ताकीद आहे. मला फोनजवळ उभं राहायची परवानगी आहे.

हिची बॅग रविवारपासून भरून दाराशी ठेवली आहे, असं मेहुणीने सूनबाईला कळवलं. हिने अजून दुजोरा दिलेला नाही. उद्या तिकडून येणारी साडेपाचची एक बस आहे, त्यानंतर सातची. मी दोन्हींना स्टँडवर जाणार आहे.